पुण्यात दोन मुलांच्या कमिटमेंट सेरेमनीसाठी गुरुजी मिळतील का? कसे शोधायचे, दक्षिणा किती?

मिळतात. पण पहिल्या फोनवर, पहिल्याच वाक्यात सांगा की दोघंही मुलगेच आहेत. "आधी तारीख पक्की करू, ॲडव्हान्स देऊ, मग हळूच सांगू" हा शहाणपणा माझ्या नवऱ्याचा, आणि त्याला अजूनही तो शहाणपणाच वाटतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

कलम ३७७ चा निकाल (समलिंगी संबंध गुन्हा नाही असं सुप्रीम कोर्टाने म्हटलं तो) लागला सप्टेंबर २०१८ मध्ये, आम्ही पुढच्या वर्षी डिसेंबरात करायचं ठरवलं. गुरुजींशी बोलायचं काम त्याच्याकडे, कारण गोड बोलता येतं. त्यांनी नेहमीप्रमाणे विचारलं, मुलाचं गोत्र, मुलीचं गोत्र, तर ह्याने "मुलीचं" काश्यप ठोकून दिलं (माझं गोत्र त्याने कधी विचारलंच नव्हतं, पण गोत्र माहीत नसलं की काश्यप सांगतात एवढं बरोबर माहीत!). सामानाची यादी आली, सुपाऱ्या लाह्या अंतरपाट सगळं मी तुळशीबाग पालथी घालून आणलं. आणि चार दिवस आधी गुरुजींचा फोन, मुलीचं नाव बदलणार का, तांदळात काय लिहायचं? आता तांदळात माझं नाव काय लिहिणार, डोंबल! हा अडखळला, मग सांगितलंच. गुरुजी जरा वेळ गप्प, मग म्हणाले, "अहो आधी बोलायचंत, मला नसतं जमलं तरी दुसरं कुणी बघून दिलं असतं." ॲडव्हान्स त्याच संध्याकाळी परत. नवरा म्हणतो होमोफोबिक होता. असेलही. पण फसवलं आपणच ना त्याला?

शेवटी नवऱ्याची आत्या. रिटायर झाल्यावर पौरोहित्य शिकलेली. पुण्यात बायका पौरोहित्य शिकतायत त्याला कित्येक वर्षं झाली, ज्ञानप्रबोधिनी संस्थेकडेही विचारा की असं कुणी माहितीत आहे का. आत्याला आम्ही विचारलंच नव्हतं, कारण काय तर "तिला धक्का बसेल". ती चिडली खरी, पण घरात पुरोहित असताना बाहेर कशाला गेलात म्हणून. कन्यादान आम्ही बोलायच्या आधीच तिने उडवलं, ते ती कुणाच्याच लग्नात करत नाही. सप्तपदी ठेवली, एकेक पाऊल मराठीत समजावून. पाचवं प्रजेसाठी, तिथे नवरा म्हणाला हे गाळ, तर म्हणे गाळणार नाही, भाचरं आहेत ती सांभाळा. सातव्याला "सखा सप्तपदी भव". सखा हो, बस. इतकी लग्नं जेवून आलो पण हे शब्द मी नीट ऐकलेच नव्हते.

मंत्रच नको असतील तर सत्यशोधक पद्धतीने करा. जोतीरावांच्या सत्यशोधक समाजाने २५ डिसेंबर १८७३ ला भटजीशिवाय लग्न लावलं होतं, म्हणजे भटजी नाही म्हणून अडून बसायचं कारण नाही. त्यातल्या मंगलाष्टकांत वधू-वर एकमेकांशी बोलतात, ते शब्द तेवढे बदलून घ्यावे लागतील.

कुणी गुरुजी पोलिसांना घाबरत असतील तर त्यांना सांगा, असा विधी करणं गुन्हा नाही. हां, पण ह्याने कायद्याने लग्न झालं असंही नाही. १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालात सुप्रीम कोर्टाने ती मान्यता दिलेली नाही, रजिस्ट्रेशन होत नाही, तेव्हा मृत्युपत्र करून ठेवा. बँकेत जॉइंट खातं आणि नॉमिनी करता येतो, ऑगस्ट २०२४ मध्ये अर्थखात्याने तसं स्पष्ट केलंय. हे खरं तर आधी लिहायला हवं होतं.

दक्षिणेचं राहिलं. आत्याने पैसे घेतले नाहीत, पैठणी मागितली, आणि ती गुरुजींच्या ॲडव्हान्सच्या चौपट पडली. तेही मी नवऱ्याच्याच खात्यात लिहून ठेवलंय.