साखरपुड्यानंतर तो परका वाटतोय?

अगं, साखरपुडा झाला की त्याचं भुरके मारत चहा पिणंसुद्धा डोक्यात जायला लागतं. घाबरू नकोस. पंधरा दिवस वहीत रोज दोन ओळी लिही: आज काय खटकलं, आणि ते त्याच्यात होतं की लग्नाच्या कल्पनेत?

मग हॉलचा अॅडव्हान्स भरण्याआधी समोरासमोर बसून तीनच विषय काढ: पगार कुठे जाणार, राहायचं कुणाबरोबर, मूल कधी.

सुरुवातीच्या नेहमीच्या चुका:
- मावशी, आत्या, मैत्रिणी, सगळ्यांचं मत घेणं
- मुद्दाम रुसून त्याची परीक्षा पाहणं
- रात्री एक वाजता व्हॉट्सअॅपवर निर्णय कळवणं (सकाळी तो बदललेला असतो)

फोन तपासणं, हात उगारणं, हुंडा मागणं हे मात्र वेगळं. हुंडा तर १९६१च्या कायद्याने गुन्हा आहे. तिथे पत्रिका छापल्या असल्या तरी थांब.