किंग नू हा जपानी बँड इतक्या झटपट मोठा कसा झाला? रॉक, हिप-हॉप आणि जॅझचं असं मिश्रण आमच्या बँडला जमेल का? आम्ही केलं की नुसता गोंगाट होतो.

झटपट म्हणावं का, हाच प्रश्न आहे. डाइकी त्सुनेतानं हा बँड २०१३ मध्ये वेगळ्या नावानं सुरू केला होता. 'किंग नू' हे नाव २०१७ चं. नू म्हणजे आफ्रिकेतला विल्डबीस्ट हा कळपानं राहणारा प्राणी. माणसं जमत जावीत आणि कळप वाढत जावा, ही त्यामागची कल्पना. (इंग्रजी स्पेलिंग Gnu; सुरुवातीचा G उच्चारत नाहीत.)

'अ‍ॅनिमेमुळे (जपानी अ‍ॅनिमेशनमुळे) चालले' असं म्हणतात, तेही अर्धंच खरं. जपानमध्ये ते घराघरात पोचले फेब्रुवारी २०१९ च्या 'हाकुजित्सु'मुळे, आणि ते गाणं होतं टीव्हीवरच्या एका वकिली मालिकेसाठी. त्याच वर्षाच्या ३१ डिसेंबरला ते जपानच्या सार्वजनिक वाहिनीच्या, एनएचकेच्या, 'कोहाकु' या वर्षअखेरच्या संगीत कार्यक्रमात गायले. जानेवारी २०२० चा 'सेरेमनी' अल्बम ओरिकॉन या जपानी विक्री-यादीत पहिला आला. परदेशातलं दार मात्र 'जुजुत्सु काइसेन' या अ‍ॅनिमेनं उघडलं: २०२१ च्या चित्रपटातली गाणी, मग २०२३ चं 'स्पेशल्झ'. २०२४ मध्ये जपानमधल्या पाच डोममध्ये (छत असलेल्या मोठ्या स्टेडियममध्ये) कार्यक्रम आणि त्यानंतर आशिया दौरा.

आता तुमचा खरा प्रश्न: रॉक, हिप-हॉप आणि जॅझ एकत्र केलं की नुसता गोंगाट का होतो? याचं कारण बहुतेक वेळा असं की प्रत्येक जण आपापली शैली एकाच वेळी वाजवत असतो. किंग नूमध्ये कामं वाटलेली आहेत. वरची चाल साधी, गुणगुणता येईल अशी पॉप. ती सातोरु इगुची गातो, टोकियोच्या कला विद्यापीठात शास्त्रीय गायन शिकलेला. खाली काझुकी आराईचा बेस आणि यू सेकीचे ड्रम्स. हिप-हॉप आणि जॅझ जे काही आहे ते मुख्यतः इथे, तालात. त्सुनेता चेलो शिकलेला, त्यामुळे तंतुवाद्यं नुसती सजावट म्हणून येत नाहीत. त्याचा स्वतःचा खरखरीत आवाज, कधी थेट भोंग्यातून, इगुचीच्या खाली बसतो. एक आवाज वर पातळ, एक खाली जाड. म्हणून ते एकमेकांना झाकत नाहीत.

तेव्हा आधी फक्त बेस, ड्रम्स आणि एक आवाज एवढ्यावर गाणं उभं करा. किक (पायानं वाजवायचा मोठा ड्रम) आणि बेस एकाच जागी आदळत असतील तर बेसचे निम्मे स्वर काढून टाका. गिटारवाला कडव्यात गप्प बसला तरी चालेल. 'हाकुजित्सु'ची सुरुवात ऐका, जवळजवळ आवाज आणि कीबोर्डच. ताल नंतर आत येतो, म्हणून तो लागतो.

आणि हे गाणं बसवणार असाल तर पट्टी उतरवताना सांभाळा. इगुचीचे वरचे स्वर लागत नाहीत म्हणून पट्टी फार खाली घेतली, की त्सुनेताच्या ओळी घशात बुडतात. दोन गायक घ्या आणि पट्टी खालच्या आवाजावरून ठरवा. वरच्यानं फॉल्सेटो, म्हणजे पातळ उंच आवाज, तयार करावा.