युद्ध-इतिहासाचं ऑडिओबुक विश्वासार्ह आहे की नाही, हे कसं ओळखावं?

तुम्ही शिरपूरचे, धुळ्याच्या एसटीत ऑडिओबुक ऐकणार म्हणता ना, मग जवळच्या थाळनेरच्या किल्ल्यावरच परीक्षा घ्या. १८१७-१८ च्या इंग्रज-मराठा युद्धावरचं पुस्तक असेल तर फेब्रुवारी १८१८ चा भाग काढा. महिदपूरची लढाई जिंकून ब्रिटिश सेनापती हिस्लॉपची फौज तापीकाठी आली, थाळनेर पडलं आणि किल्लेदाराला फाशी दिलं गेलं. या फाशीवरून पुढच्या वर्षी ब्रिटिश पार्लमेंटमध्येही वाद झाला होता. तेव्हा लेखक 'किल्ला सर झाला' एवढंच सांगून पुढे सरकला, तर त्याने विजेत्यांचे कागद तेवढे चाळलेत असं समजा. हुद्द्यांकडेही कान ठेवा. १८०३ च्या असईच्या लढाईत इंग्रज सेनापती वेलस्ली मेजर जनरल होता, ड्यूक (ऑफ वेलिंग्टन) झाला १८१४ मध्ये; असईतच त्याला ड्यूक म्हटलं तर चूक समजा.

ऑडिओत तळटीपा सहसा गळतात, नकाशे तर दिसतच नाहीत. त्यामुळे छापील किंवा ई-आवृत्ती वाचनालयात मिळाली तर संदर्भसूची पाहून घ्या. 'संक्षिप्त' लिहिलेली आवृत्ती मी तरी घेत नाही.

निवेदकाच्या वाचनाचं म्हणाल तर फुकटचा नमुना ऐका, पण सुरुवातीचा नको, तिथे सगळेच जोरात असतात. लढाईचं वर्णन ऐका. कोणती तुकडी कुठून कुठे गेली हे डोळ्यांसमोर येतं का? गावांची नावं एकसारखी उच्चारलीत का? मागे ढोल-तुताऱ्या वाजत असतील तर माझा हात सरळ बंदच्या बटणावर जातो. धुळ्यापर्यंतच्या एसटीत तसाही गोंगाट कमी नसतो, भाऊ.