हलणारा कठडा, पडलेला पाहुणा आणि घरमालक

प्रश्न : माझ्या घराचा वरचा मजला मी भाड्याने दिला आहे. सामायिक जिन्याचा कठडा हलतो, असे भाडेकरूंनी तीन आठवड्यांपूर्वी मेसेज करून कळवले होते, पण वेल्डर न मिळाल्याने काम राहून गेले. आता त्यांचे एक पाहुणे कठड्यासकट खाली पडून त्यांचा हात मोडला आहे आणि ते भरपाई मागत आहेत. ‘घरात घडलेल्या अपघातास मालक जबाबदार नाही’ असे कलम भाडेकरारात असताना मी देणे लागतो का?

उत्तर : बहुधा लागता, निदान काही अंशी. आपली सारी भिस्त त्या कलमावर आहे, परंतु पाहुण्यांनी त्या करारावर सही केलेली नाही, त्यामुळे ते त्यांना सहसा बांधत नाही. ‘ज्याच्याशी करार नाही त्याचे मी काही लागत नाही’ हा बचाव एके काळी चालत असे. 1906 मध्ये इंग्लंडमधील एका खटल्यात स्वयंपाकघराची जमीन खचून भाडेकरूची पत्नी जखमी झाली होती. मालकाने दुरुस्तीचे वचन दिलेले असूनही, करार पतीशी होता एवढ्याच कारणाने तिला भरपाई नाकारली गेली. तेथे 1972 च्या कायद्याने ही स्थिती बदलली. दुरुस्तीची जबाबदारी असलेल्या मालकाला दोष ठाऊक असेल, किंवा ठाऊक असायला हवा होता असे दिसले, तर त्या दोषाची झळ पोहोचू शकेल अशा कोणाहीबाबत त्याने वाजवी काळजी घेतली पाहिजे, असे तो कायदा सांगतो. तपशील देशागणिक बदलतात, पण विचाराची दिशा बव्हंशी हीच आहे.

म्हणून आपल्या प्रकरणात खरे वजन त्या मेसेजला आहे. वेल्डर मिळाला नाही, हे समजण्यासारखे आहे. पण कठड्याला दोरी बांधणे, ‘टेकू नये’ अशी पाटी लावणे यासाठी वेल्डर लागत नव्हता, आणि समोरचा वकील नेमके हेच विचारील. दुसऱ्या बाजूने, भाडेकरूंना धोका ठाऊक असताना त्यांनी पाहुण्यांना सावध केले होते का, पाहुण्यांची स्वतःची काही हयगय होती का, हेही पाहिले जाते आणि त्या प्रमाणात आपल्यावरचा बोजा कमी होऊ शकतो.

मेसेज कृपया पुसू नका. दुसऱ्या फोनमध्ये तो राहतोच, आणि पुसल्याने संशय तेवढा वाढतो. तुटलेल्या भागाचे, विशेषतः गंजलेल्या जोडांचे, जवळून फोटो काढा, निखळलेला तुकडा जपून ठेवा आणि दुरुस्ती लगेच करून घ्या, कारण दुसरा अपघात झाल्यास कोणताही बचाव उरणार नाही. घराचा विमा असल्यास कंपनीला विनाविलंब लेखी कळवा. मात्र केवळ इमारतीच्या नुकसानीची पॉलिसी तिऱ्हाइताच्या दुखापतीला लागू होत नाही, तेव्हा त्यात तशी स्वतंत्र तरतूद आहे का ते तपासा. पाहुण्यांची विचारपूस अवश्य करा, पण वकिलाचा सल्ला घेईपर्यंत रकमेबद्दल काहीही लिहून देऊ नका.