पहिला ब्रेड आतून गच्च का झाला?

तीन कप मैदा, एक पाकीट यीस्ट, पाककृतीत लिहिल्याप्रमाणे बरोबर एक तास फुगवलेलं पीठ. वरून रंग छान आला, पण कापल्यावर आत गच्च आणि चिकट. म्हणून पुढच्या वेळी यीस्ट दुप्पट घालू का, असं विचारताय. घालू नका. ब्रेड थोडाफार फुगला म्हणजे यीस्ट जिवंत होतं, त्याला वेळ कमी पडला. जास्त यीस्टने पीठ घाईघाईत फुगतं, चव मात्र येत नाही आणि वास उग्र येतो.

'एक तास' हे पाककृती लिहिणाऱ्याच्या स्वयंपाकघराचं माप आहे. 30 अंश तापमानात जे पीठ तासाभरात दुप्पट होतं, त्याला 20 अंशांत दोन तास सहज लागतात. पीठ सरळ कडांच्या पारदर्शक डब्यात ठेवा, बाहेरून रबरबँड लावून पातळी दाखवा आणि दुप्पट झाल्याशिवाय हलवू नका, मग घड्याळ काहीही म्हणो.

दुसरी गोष्ट कपांची. कप पिठात बुडवून भरला की दीडशे ग्रॅमपर्यंत जातो, चमच्याने अलगद भरला तर एकशेवीस. तीन कपांत नव्वद ग्रॅमचा फरक, म्हणजे मऊ पिठाचा घट्ट गोळा व्हायला पुरेसा. वजनकाटा घ्या, बाकीची उपकरणं नंतर. सुरुवातीला हे प्रमाण ठेवा: मैदा 500 ग्रॅम, पाणी 325, मीठ 10, इन्स्टंट यीस्ट 5. बेकरीवाले सगळं पिठाच्या टक्क्यांत मोजतात, त्या हिशोबाने पाणी 65 टक्के, मीठ 2, यीस्ट 1. पिठाचं वजन बदललं तरी टक्के तेच. पाणी हाताला जेमतेम कोमट लागेल इतकंच हवं. साठ अंशांच्या आसपास यीस्ट मरतं. मीठ यीस्टला मारतं म्हणून दोन्ही वेगवेगळ्या कोपऱ्यांत घालायची पद्धत मला तरी अनावश्यक वाटते. इतक्या मिठाने यीस्ट थोडं मंदावतं, एवढंच.

मळण्याबद्दल लोक उगाच घाबरवतात. सगळं एकत्र करून, कोरडं पीठ दिसेनासं झालं की झाकून वीस-तीस मिनिटं सोडून द्या. पाणी मुरताना ग्लुटेन, म्हणजे पिठाला ताण देणारी प्रथिनांची जाळी, आपोआप बनायला लागतं. नंतर आठ-दहा मिनिटं मळलं की पुरतं. सुरुवातीला हाताला चिकटणारच. तेव्हा वरून मैदा भुरभुरवायचा मोह आवरा, कारण पहिला ब्रेड बहुतेकांचा तिथेच घट्ट होतो. हात ओला करा आणि मळत राहा. छोटा तुकडा बोटांवर ताणून पाहा. पडद्यासारखा पातळ होऊन उजेड आरपार दिसला तर झालं, लगेच फाटला तर अजून मळा.

दुप्पट झाल्यावर हवा काढून, घट्ट गुंडाळी करून, जोड खाली ठेवून टिनमध्ये घाला. हा दुसरा फुगवटा बहुधा लवकर होतो. बोट हलकेच दाबा. खळगा लगेच भरून आला तर थांबा. सावकाश आणि अर्धवट भरला तर भट्टीत घाला. भरलाच नाही तर वेळ टळून चाललीय, लगेच भाजा.

आता आतल्या चिकटपणाचं. वरचा रंग भाजल्याची खूण मानू नका. ओव्हन आधी 220 अंशांवर नीट तापवा, दहा-पंधरा मिनिटांनी 200 वर आणा आणि एकूण पस्तीस-चाळीस मिनिटं भाजा. वरचा भाग लवकर करपायला लागला तर फॉइल झाका. तळावर टिचकी मारून पोकळ आवाज ऐकण्यावर माझा फारसा विश्वास नाही. सुईचा थर्मामीटर लोफच्या मध्यभागी खुपसा. 93 ते 96 अंश दिसले की काढा. ओव्हनच्या बटणावरचा आकडा आणि आतलं खरं तापमान यांतही फरक असू शकतो, तेव्हा आत ठेवायचा थर्मामीटरही कामाचा.

आणि गरम कापलात का? तुम्ही लिहिलं नाहीये, पण बहुतेक कापला असणार. त्या वासापुढे कोण थांबतं! भट्टीतून काढल्यावरही आतला स्टार्च घट्ट होत असतो, वाफ बाहेर पडत असते. तेव्हा सुरी घातली की नीट भाजलेला ब्रेडही चिकट लागतो. टिनमधून काढून जाळीवर निदान तासभर राहू द्या.

पुढचा ब्रेड पूर्ण कणकेचा करायचा बेत मात्र जरा लांबवा. कोंडा ग्लुटेनचे धागे तोडतो आणि पाणीही जास्त पितो. आधी मैद्याचा एक नीट जमू दे, मग त्यातला निम्मा मैदा कणकेने बदला, पाणी तीस-चाळीस ग्रॅम वाढवा आणि मळण्याआधीची विश्रांती अर्ध्या तासाहून कमी नको.