घरभाडे भत्त्याचा प्रश्न आणि आठ हजारांची ओळ

सांगलीहून एका वाचक मुलीचं पत्र आलं आहे. थोडक्यात असं:

‘वय २४, रसायनशास्त्रात एमएस्सी. सीएसआयआर या केंद्रीय संशोधन परिषदेची जेआरएफ (ज्युनिअर रिसर्च फेलोशिप) मिळाली आहे. पीएचडीसाठी दोन ठिकाणी निवड झाली. पुण्यातल्या संस्थेत वसतिगृहात जागा नाही, म्हणून महिना ३७,००० अधिक ३० टक्के घरभाडे भत्ता, एकूण ४८,१००. मुंबईतल्या संस्थेत आवारातच हॉस्टेल आहे, म्हणून नुसते ३७,०००. पहिली दोन वर्षं जेआरएफ, पुढची तीन एसआरएफ (सीनिअर, महिना ४२,०००) धरली तर पाच वर्षांत पुण्यात ७ लाख २० हजार जास्त मिळतात. विषय दोन्हीकडचे आवडीचे आहेत. पुणंच घ्यावं ना? दोन्ही शहरांच्या खर्चाचा तक्ता जोडला आहे.’

गुणाकार बरोबर आहे. पण ही रक्कम शिल्लक म्हणून धरू नका, कारण भत्ता घरभाड्यासाठीच येतो आणि तिकडेच जातो. तुमच्याच तक्त्यातून मांडते. पाषाण-बाणेरच्या बाजूला तिघींत घेतलेल्या फ्लॅटचा तुमचा वाटा १०,०००, वीज-गॅस-इंटरनेट-कामवाल्या बाई मिळून २,०००, डबा ५,०००, स्कूटीचं पेट्रोल २,०००. ४८,१०० मधून हे गेले की उरतात २९,१००. मुंबईत हॉस्टेलचे २,०००, मेसचे ५,००० आणि किरकोळ प्रवासाचे ५०० वजा केले की ३७,००० मधले २९,५०० उरतात. म्हणजे फरक नाहीच. शिवाय अकरा महिन्यांनी करार संपला की भाडं वाढतं, आणि संस्थेच्या वसतिगृहात तुम्हाला खोली मिळाली की भत्ता थांबतो. सात लाखांचा मुद्दा इथेच सोडून द्या.

आता तक्त्यातली शेवटून दुसरी ओळ. दोन्ही शहरांच्या रकान्यात ती सारखीच आहे: ‘बचत – विमा: ८,०००’. खाली बारीक अक्षरात टीप आहे, ‘बाबांच्या मित्रांनी काढून दिली. २० वर्षं हप्ता, १८ लाखांचा विमा, शेवटी ३४ लाख. करही वाचतो. सात हप्ते बाबांनी भरले, फेलोशिप सुरू झाली की मी भरणार. पीएचडी झाली की सहायक प्राध्यापक, मग काहीच अडचण नाही.’

या ओळीबद्दल तुम्ही विचारलेलं नाही. माझं बाकीचं उत्तर मात्र तिच्याबद्दलच आहे, कारण शहराच्या निवडीपेक्षा ती तुमचं जास्त नुकसान करणार आहे.

आधी कर. संशोधन फेलोशिप ही शिक्षणासाठी दिलेली शिष्यवृत्ती असते आणि तिच्यावर आयकर लागत नाही. तुमचं दुसरं उत्पन्न नाही. जिथे करच नाही तिथे वाचणार काय? आणि नोकरी लागल्यावर नवी करपद्धती घेतलीत तर त्यात विम्याच्या हप्त्यावरची वजावट नाहीच. ज्यांनी ही पॉलिसी विकली त्यांनी तुमचं उत्पन्न कोणत्या प्रकारचं आहे हे विचारायला हवं होतं. तो एक प्रश्न विचारला असता तर निम्मी विक्री तिथेच थांबली असती.

मग परतावा. वर्षाला ९६,००० प्रमाणे २० वर्षं म्हणजे १९ लाख २० हजार भरून ३४ लाख. ऐकायला दुप्पट वाटतं, पण दर पडतो साधारण सव्वापाच टक्के. तीच रक्कम पीपीएफमध्ये आजच्या ७.१ टक्क्यांनी साडेबेचाळीस लाखांपर्यंत जाते. शिवाय ३४ मधला बराचसा भाग बोनसचा असतो आणि पुढच्या वर्षांचा बोनस कुणी लिहून देत नाही. राहिला विमा. तुमच्या फेलोशिपवर आज घरात कुणी अवलंबून नाही, बाबा कमावते आहेत. उद्या ती वेळ आली तर टर्म विमा, म्हणजे बचत नसलेला, नुसत्या संरक्षणाचा विमा घ्या. या वयात ५० लाखांचं संरक्षण वर्षाला साधारण पाच-सहा हजारांत मिळतं.

परतावा कमी आहे हे त्यातल्या त्यात लहान दुखणं. मोठं दुखणं वेळेचं आहे. हप्ता दर महिन्याला ठरल्या तारखेला जातो. पीएचडीतला पैसा तसा येत नाही. तो तीन ठिकाणी अडतो.

सुरुवातीला अडतो तो कागदपत्रांत. रुजू झाल्याचा अहवाल, बँकेचा तपशील, गाइडची सही, लेखा विभाग आणि मग पुढे. पहिली रक्कम हातात यायला तीन-चार महिने सहज जातात, कधी त्याहून जास्त. थकबाकी एकदम मिळते हे खरं, पण तोवर घरमालक आणि मेसवाले थांबत नाहीत. पुणं आणि मुंबई यांतला खरा फरक इथे आहे. पुण्यात तीन महिन्यांच्या डिपॉझिटचा तुमचा वाटा ३०,००० आणि दलालीचा १०,०००. त्याशिवाय तक्त्यातले १९,००० आणि वरखर्चाचे ६,००० धरून महिना २५,०००. चार महिन्यांचे झाले १ लाख ४० हजार. मुंबईत महिना साडेतेरा हजार, चार महिन्यांचे ५४,०००. पुण्याला जायचं तर रुजू होताना दीड लाख हाताशी हवेत, मुंबईला साठ हजार पुरतात.

मध्ये अडतो तो जेआरएफचं एसआरएफ होताना. दोन वर्षं झाली की ४२,००० आपोआप सुरू होत नाहीत. पीएचडीची नोंदणी झालेली हवी, समितीपुढे कामाचं सादरीकरण हवं, समितीचा अनुकूल शेरा हवा. बाहेरच्या तज्ज्ञाची तारीख मिळाली नाही की बैठक पुढे जाते, आणि तोवर ३७,००० वरच भागवावं लागतं. वर्षाचं २०,००० आकस्मिक अनुदान तक्त्यात तुम्ही उत्पन्न म्हणून धरलं आहे, ते खोडा. तो पैसा रसायनं, काचसामान, परिषदेचा प्रवास यांसाठी संस्थेमार्फत खर्च होतो.

शेवटी अडतो तेव्हा सगळ्यांत जास्त लागतं. फेलोशिप जेआरएफ-एसआरएफ मिळून पाच वर्षांची. यूजीसीच्या २०२२ च्या नियमांत पीएचडीची मुदत किमान तीन आणि कमाल सहा वर्षं आहे, वर मुदतवाढीची सोय. म्हणजे नियमातच एक वर्ष असं आहे की विद्यार्थिनी आहे आणि फेलोशिप नाही. प्रयोगाच्या रसायनशास्त्रात हे वर्ष बऱ्याच जणांच्या वाट्याला येतं. एक अभिक्रिया पुन्हा जमत नाही, एनएमआर या तपासणी यंत्रासाठी रांग असते, शोधनिबंधाचे परीक्षक आणखी दोन प्रयोग मागतात. मग प्रबंध जमा, बाहेरच्या परीक्षकांचे अहवाल, तोंडी परीक्षा. या काळात हॉस्टेल, मेस, विद्यापीठाचं शुल्क सगळं सुरू असतं आणि खात्यात काही येत नाही. तेव्हा पॉलिसीचे सहावे वर्ष चालू असेल आणि तिला ९६,००० हवे असतील. त्यानंतर आणखी १४ वर्षं.

‘पीएचडी झाली की सहायक प्राध्यापक’ हे गृहीत धरून २० वर्षांचं देणं अंगावर घेऊ नका. त्या पदाचं मूळ वेतन ५७,७०० आहे हे मान्य, पण महाराष्ट्रात कितीतरी पात्र मुलं-मुली वर्षानुवर्षं तासिका तत्त्वावर शिकवत आहेत. दुसरी वाट पोस्टडॉकची, म्हणजे पीएचडीनंतरच्या तात्पुरत्या संशोधनाची, तिथेही दोन-तीन वर्षांचेच करार. नोकरी मिळावी ही माझीही मनापासून इच्छा आहे, पण इच्छेवर हप्ता भरला जात नाही.

तर काय करायचं? भरलेले ५६,००० सोडायचे आणि हप्ता बंद करायचा. हे वाचून बाबांना त्रास होईल, म्हणून दुसरी वाटही तपासू. १ ऑक्टोबर २०२४ पासूनच्या नियमाने पहिल्या वर्षाचा पूर्ण हप्ता भरला असेल तर पहिलं पॉलिसी वर्ष संपल्यावर काही परत मिळतं. तुम्हाला त्यासाठी आणखी पाच हप्ते, म्हणजे ४०,००० भरावे लागतील. अशा पॉलिसीत एका वर्षानंतर हाती येणारी रक्कम माझ्या अंदाजाने २५ ते ४५ हजारांच्या मध्ये कुठेतरी असेल. चाळीस घालून जवळपास चाळीसच मिळवायचे, तेही रुजू होताना पैशांची सर्वांत जास्त गरज असताना. पॉलिसीसोबत आलेल्या लाभ-तक्त्यात वर्षागणिक सरेंडर मूल्याचा, म्हणजे पॉलिसी मोडल्यास मिळणाऱ्या रकमेचा, रकाना असतो. पहिल्या वर्षासमोरचा आकडा पाहा. तो ५०,००० च्या वर असेल तरच पाच हप्ते भरायचा विचार करा.

एक सल्ला तुम्हाला नक्की मिळेल: ‘आत्ता तोडू नको, तीन वर्षं भर, मग पेड-अप कर, हप्ते थांबवून कमी रकमेची पॉलिसी तशीच ठेव.’ म्हणजे ५६,००० वाचवायला २ लाख ८८ हजार अडकवायचे. याला ठाम नकार द्या. पॉलिसी काढून देणाऱ्या काकांशी वाद घालायची गरज नाही. ‘फेलोशिपचा भरवसा नाही, दरमहा हप्ता झेपणार नाही, नोकरी लागली की तुमच्याकडूनच टर्म विमा घेईन,’ एवढं बाबांनी सांगितलं तरी पुरे.

वाचलेले ८,००० बँकेच्या रिकरिंगमध्ये जाऊ द्या, तेही फेलोशिप जमा होऊ लागल्यावर. पाच वर्षांत साडेसहा टक्क्यांनी साडेपाच लाखांच्या पुढे जातात. त्यातले तीन लाख शेवटच्या बिनफेलोशिपच्या वर्षाचे, त्यांना हात लावायचा नाही. या पैशातून शेअर बाजारात जाऊ नका. ज्या महिन्यात लागेल त्या महिन्यात ते पूर्ण मिळायला हवेत. आणि बाबांच्या फॅमिली फ्लोटर आरोग्य विम्यात तुम्ही किती वयापर्यंत आहात ते पाहा. बहुतेक पॉलिसींत मुलांना २५ पर्यंतच ठेवतात, तुम्ही २४ च्या आहात. संस्थेची वैद्यकीय सोय नसेल तर पाच लाखांची वेगळी पॉलिसी वर्षाला सहा-आठ हजारांत बसते. तक्त्यात ही ओळ नाही, ती घाला.

पुणं की मुंबई, हे दोन्हीकडच्या प्रयोगशाळांतल्या जुन्या विद्यार्थ्यांना फोन करून ठरवा. त्या गाइडच्या शेवटच्या पाच विद्यार्थ्यांना किती वर्षं लागली? पाच वर्षांनंतर संस्था काही देते, की गाइडच्या प्रकल्पातून सोय होते, की काहीच नाही? गेल्या वर्षी रुजू झालेल्यांना पहिला पैसा कोणत्या महिन्यात मिळाला? जिथे मुलं साडेपाच वर्षांत सुटतात ते ठिकाण, जिथे सात लागतात त्याहून पैशाच्या हिशेबातही कितीतरी स्वस्त, मग घरभाडे भत्ता असो वा नसो.

पुढचा हप्ता ७ तारखेला जातो असं तुम्ही लिहिलं आहे. तो बँकेच्या आदेशाने आपोआप जातो. खात्यात नुसते पैसे ठेवले नाहीत तर आदेश परत जाईल आणि दर वेळी बँक दंड लावेल. त्यामुळे लाभ-तक्ता आजच काढून बघा आणि आकडा कमी असेल तर बाबांना बँकेत जाऊन आदेश रद्द करायचा अर्ज द्यायला सांगा. तो रद्द व्हायला कामाचे काही दिवस लागतात. अर्जाच्या प्रतीवर शिक्का घ्या आणि विमा कंपनीलाही ईमेलने कळवा.