पाठ केलेले शब्द ऐन वेळी कुठे जातात?

ठाण्यात माझ्याकडे समुपदेशनासाठी येणाऱ्या नोकरदार मंडळींची एक तक्रार वर्षानुवर्षे जवळपास त्याच शब्दांत माझ्या कानावर पडते. "मॅडम, इंग्रजी येतं, पण शाळकरी येतं. मोठे शब्द पाठ करते, चार दिवसांत विसरते, आणि मीटिंगमध्ये तोंडातून पुन्हा तेच गुड, बॅड, व्हेरी बिग निघतं." असे म्हणणाऱ्यांपैकी पुष्कळांना आपली स्मरणशक्तीच अधू झाली आहे अशी मनोमन धास्ती असते, आणि काही जण तर स्मरणशक्तीच्या गोळ्या घेऊन झाल्यावरच माझ्यापर्यंत पोहोचतात. अशाच एका बाईंची हकिगत, त्यांच्या संमतीने आणि ओळख पटेल असे तपशील बदलून, येथे सांगत आहे.

बाई नौपाड्यात राहणाऱ्या, चाळिशीच्या उंबरठ्यावरच्या. दहावीपर्यंतचे शिक्षण मराठी माध्यमातून झालेले आणि नोकरी महापे येथील एका कंपनीच्या हिशेब विभागात. ठाणे ते कोपरखैरणे हा ट्रान्स हार्बरचा प्रवास त्या रोज करीत आणि त्या वेळात शब्दांची वही उघडून बसत. त्यांना माझ्याकडे यावे लागले ते एका ईमेलमुळे. पुरवठादाराने जास्तीचे बिल लावले होते, आणि ते कमी करावे असे लिहिताना बाईंनी त्याच आठवड्यात पाठ केलेला 'अलीव्हिएट' हा शब्द वापरला, कारण वहीत त्याच्यापुढे 'कमी करणे' एवढाच अर्थ लिहिलेला होता. त्या वाक्याचा फोटो कार्यालयातल्या कुणीतरी ग्रुपवर टाकला, त्यावर हसण्याच्या इमोजींची रांग लागली, आणि त्या दिवसापासून बाई ईमेल लिहिण्याआधी दहा वेळा थांबू लागल्या.

"आमच्या वेळी पाचवीपासून इंग्रजी होतं ना मॅडम, पायाच कच्चा," असे त्यांनी स्वतःच निदान करून टाकले होते.

मी त्यांना वही आणायला सांगितली. दोनशे पानी वहीची पहिली चौदा पाने नेटक्या अक्षरांत भरलेली होती आणि त्यातला प्रत्येक शब्द इंग्रजी 'ए' या अक्षराने सुरू होत होता : अबेट, अबेयन्स, अबॉर, अब्जुअर, ॲबरंट. दर जानेवारीत नवा संकल्प, रोज तीस शब्द, आणि 'बी'पर्यंत पोहोचण्याआधीच संकल्पाची इतिश्री. तिसऱ्या वर्षीही त्या 'ए'मध्येच होत्या. दिसायला सारखे, ऐकायला सारखे आणि कुठेही प्रत्यक्ष न भेटलेले शब्द एकाच दिवशी डोक्यात कोंबले, तर ते एकमेकांच्या पायांत पाय अडकवून पडणारच. हा दोष स्मरणशक्तीचा नव्हे, मांडणीचा आहे.

त्या ईमेलमधल्या वाक्याकडे आम्ही सावकाश वळलो, कारण सगळा विषय त्या एका वाक्यात सामावलेला होता. मी त्यांना विचारले की, मराठीत 'कमी होणे' या एकाच अर्थासाठी आपण काय काय म्हणतो? बाई मराठीच्या चोखंदळ वाचक, १८९३ साली स्थापन झालेल्या ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयाच्या जुन्या सभासद, त्यामुळे उत्तरे भराभर आली. ताप उतरतो, सूज ओसरते, राग निवळतो, भूक भागते, कर्ज फिटते, पाऊस उघडतो. मग मी म्हटले, "आता एखादा परगावचा माणूस मराठी शिकून आला आणि तुम्हाला म्हणाला की, कृपया बिलाची रक्कम निववा, तर?" त्या खळखळून हसल्या, आणि ग्रुपवरचे लोक नेमके कशाला हसले हे मला वेगळे सांगावे लागले नाही. इंग्रजीतही प्रत्येक नामाची आपल्या क्रियापदाशी अशीच सोयरीक जुळलेली असते : वेदना आणि दारिद्र्य यांना 'अलीव्हिएट', धोक्याला 'मिटिगेट', भीतीला 'अले', तहानेला 'क्वेंच', आणि बिलाला साधे 'रिड्यूस'. 'अलीव्हिएट'च्या मुळाशी लॅटिनमधला 'हलके' या अर्थाचा शब्द आहे, म्हणून दुखणे हलके होते, मनावरचे ओझे हलके होते. बिलाने मात्र खिसाच तेवढा हलका होतो.

यानंतर मी विचारलेला प्रश्न वरवर असंबद्ध वाटावा असा होता. "मॉरेटोरियम म्हणजे काय?" त्यांनी क्षणाचाही विलंब न लावता सांगितले : हप्ते काही काळ पुढे ढकलण्याची मुभा, व्याज मात्र चालूच राहते. "हा शब्द कोणत्या यादीतून पाठ केलात?" त्या गप्प झाल्या. २७ मार्च २०२० रोजी रिझर्व्ह बँकेने कर्जदारांना तीन महिन्यांची ही सवलत देण्याची परवानगी बँकांना दिली आणि पुढे ती आणखी तीन महिन्यांनी वाढवली, तेव्हा बाईंच्या घराचे कर्ज चालू होते, यजमानांचा पगार अर्ध्यावर आला होता, आणि बँकेचे संदेश, वर्तमानपत्रातल्या बातम्या, शेजाऱ्यांच्या चर्चा यांतून तो शब्द त्यांच्यापुढे दहा दिशांनी आला होता. त्याचा उच्चार, त्याचा अर्थ, त्याच्या मागेपुढे येणारे शब्द आणि त्याच्याबद्दलची चीडसुद्धा त्यांना पक्की ठाऊक होती. आपली स्मरणशक्ती शाबूत आहे हे बाईंना त्या दिवशी प्रथम पटले, आणि खरे सांगायचे तर माझे निम्मे काम तिथेच झाले.

दुसऱ्या भेटीत मी त्यांच्याच पिशवीतल्या इंग्रजी वर्तमानपत्रातली साधारण तीनशे शब्दांची एक बातमी त्यांच्यापुढे ठेवली आणि जे शब्द अजिबात समजत नाहीत त्यांच्याखाली रेघ मारायला सांगितले. त्यांची अपेक्षा पान लाल होईल अशी होती. रेघा सात पडल्या. न्यूझीलंडमधील भाषातज्ज्ञ पॉल नेशन यांनी २००६ मध्ये मांडलेल्या हिशेबानुसार, वर्तमानपत्रासारखा मजकूर कुणाच्या मदतीशिवाय समजायचा असेल तर शंभरातले सुमारे अठ्ठ्याण्णव शब्द परिचित असावे लागतात, आणि त्यासाठी आठ ते नऊ हजार शब्दकुळांची (मूळ शब्द आणि त्याची सगळी रूपे मिळून एक कूळ) ओळख लागते. एका बातमीवरून कुणाची शब्दसंपत्ती मोजता येत नाही हे मान्य. परंतु तीनशेत सात म्हणजे बाई त्या रेषेच्या अगदी जवळ उभ्या होत्या. त्यांना आठ हजार शब्द नव्याने शिकायचे नव्हते. जे शब्द अर्धेमुर्धे ओळखीचे होते, त्यांच्याशी घसट वाढवायची होती.

येथे एक गैरसमज दूर करावा लागतो, आणि तो जवळजवळ प्रत्येकाचा असतो. वाचताना कळणारा प्रत्येक शब्द बोलताना वापरता आलाच पाहिजे, असा हट्ट आपण मराठीत कधी धरत नाही. 'किंकर्तव्यमूढ' हा शब्द आपल्याला समजतो. पण शेवटचा तोंडातून कधी निघाला होता? घरात आपण 'विचारतो', कार्यालयात 'चौकशी करतो', आणि 'पृच्छा' मात्र कागदावरच होते. इंग्रजीचीही घडण अशीच थराथरांची आहे : 'आस्क' हा मूळचा घरगुती शब्द, 'क्वेश्चन' फ्रेंचमधून आलेला, 'इंटरॉगेट' थेट लॅटिनच्या वळणाचा. वरच्या थरातले शब्द ओळखता येणे म्हणजे वाचनाची ताकद. ते कुठे वापरू नयेत हे कळण्यासाठी मात्र कान तयार व्हावा लागतो, आणि तो यादीने तयार होत नाही. याद्या सरसकट टाकाऊ आहेत असे मी म्हणणार नाही. भाषातज्ज्ञ ॲव्हरिल कॉक्सहेड यांनी २००० साली प्रसिद्ध केलेली, विद्यापीठीय लेखनात वारंवार येणाऱ्या ५७० शब्दकुळांची यादी उच्च शिक्षण इंग्रजीतून घेणाऱ्यांना फार उपयोगी पडते. परंतु तिचा उपयोग चाळणीसारखा करायचा असतो. बाई मात्र चाळणीच शिजवायला निघाल्या होत्या.

मग आम्ही नवी वही केली. वर्णानुक्रम रद्द. शब्द घ्यायचा तो केवळ त्या दिवसांत स्वतःच्या हातात आलेल्या कागदातून : वर्तमानपत्र, कार्यालयातले ईमेल, मुलाच्या शाळेची सूचना, औषधाच्या खोक्यातली घडी, सोसायटीची नोटीस. शब्द पहिल्यांदा दिसला तर फक्त पेन्सिलीची खूण करायची, आणि तोच शब्द दुसऱ्यांदा भेटला तरच त्याला वहीत जागा द्यायची, कारण जो महिन्याभरात पुन्हा भेटत नाही त्याच्यासाठी इतक्यात कष्ट घेण्याचे कारण नाही. वहीत संपूर्ण वाक्य उतरायचे, तारीख आणि ठिकाणासह, आणि शब्दाच्या सोबत्यांखाली रेघ मारायची. आठवड्याला शब्द पाचच.

"पाचच?" त्यांचा चेहरा पडला. "म्हणजे वर्षाला अडीचशे. मॅडम, असं कधी व्हायचं?" मी वहीतल्या त्या चौदा पानांकडे बोट दाखवून विचारले की, तीन वर्षांत यातले किती उरले? त्यांनी वही मिटून पिशवीत टाकली.

उजळणीची पद्धत मात्र मी कडक ठेवली. हर्मन एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने स्वतःवरच प्रयोग करून १८८५ साली दाखवून दिले होते की, पाठ केलेल्या गोष्टीची गळती सुरुवातीच्या तासांत सर्वांत जास्त असते आणि पुढे तिचा वेग मंदावतो. म्हणून दुसऱ्या दिवशी, मग चौथ्या दिवशी, मग दहा-बारा दिवसांनी त्या वाक्यातला शब्द अंगठ्याने झाकायचा आणि तो आठवून म्हणायचा. नुसते पुन्हा वाचून काढल्याने येत असल्याचा भास होतो. आठवण्यासाठी जी ओढाताण होते, तीच कामाला येते.

पहिल्या महिन्यात वहीत आलेले शब्द मला अजून लक्षात आहेत. पावसाळ्याआधी ठाणे महापालिकेची धोकादायक इमारतींची यादी आली तेव्हा त्यांच्या सोसायटीच्या नोटिशीत आणि वर्तमानपत्रात, दोन्हीकडे 'डिलॅपिडेटेड', म्हणजे मोडकळीस आलेला, हा शब्द होता. त्याच्या पोटात लॅटिनमधला दगड, म्हणजे 'लॅपिस' दडलेला आहे हे कळल्यावर बाई म्हणाल्या, "आमच्या जिन्याचं प्लास्टर रोज पडतं, हा शब्द मी काय विसरणार!" लोकल खोळंबल्याच्या बातमीत 'बेअर द ब्रंट' (मुख्य फटका सोसणे) मिळाला, आणि उकाड्याच्या बातमीत 'ब्रीफ रेस्पाइट' (थोडा वेळ मिळालेला दिलासा). हे तुकडे अखंडच घ्यायचे. 'ब्रंट'ला एकटा काढून अर्थ विचारला, तर तो बिचारा बावचळतो.

एक चूक माझ्या हातूनही झाली. शब्दकोश शेवटी बघा, आधी संदर्भावरून अंदाज करा, असे मी काहीशा आग्रहाने सांगितले होते, आणि बाईंनी 'शेवटी' याचा अर्थ 'नकोच' असा घेतला. एका देशावर 'सँक्शन्स' लादल्याची बातमी त्यांनी मंजुरी दिल्याची बातमी म्हणून वाचली, कारण त्यांच्या विभागात कर्ज आणि खर्च रोज 'सँक्शन' होत असतात. हा शब्द दोन्ही टोकांना जातो, मंजुरीलाही आणि दंडात्मक निर्बंधालाही, आणि अशा ठिकाणी अंदाज माणसाला आत्मविश्वासाने खड्ड्यात नेतो. तेव्हापासून मी प्रत्येकाला सांगते की, अंदाज वहीच्या कडेला लिहा आणि त्याच दिवशी शब्दकोशाशी ताडून पाहा; आणि शब्दकोशात आधी उदाहरणाची वाक्ये वाचा, अर्थ नंतर.

पुढची वाटचाल सरळ झाली असे नाही. मध्येच बाईंनी रोज दहा शब्द पाठवणारे एक ॲप घेतले आणि तिसऱ्या भेटीला एकतीस शब्द घेऊन आल्या. त्यांतले चार आठवले. जूनमध्ये मुलाची शाळा सुरू झाली आणि वही पाच आठवडे उघडलीच नाही. मी रागावले नाही. वहीतल्या जुन्या पंधरा वाक्यांवरून अंगठा फिरवायला सांगितला, तर अकरा शब्द जागच्या जागी होते.

शेवटच्या भेटीत त्यांनी मला फोनवर एका ईमेलचा मसुदा दाखवला. तोच पुरवठादार, पुन्हा जास्तीचे बिल. मसुद्यात त्यांनी आधी 'मिटिगेट' लिहिले होते, मग ते खोडून 'रिड्यूस' केले होते. खालच्या परिच्छेदात माल उशिरा आल्याचा फटका आमच्या विभागाला बसला हे सांगताना मात्र 'बेअर द ब्रंट' नेमक्या जागी बसला होता.

"हे पाठवू का?" असे त्यांनी विचारले नाही. मी वाचेपर्यंत त्यांनी ते पाठवूनही टाकले होते.